फोटो नको, अक्षरं पाठवा

साकीनाक्याला राहणाऱ्या दृष्टिहीन माणसाला रस्ता ओलांडताना जेवढे प्रश्न पडतात, त्याहून जास्त प्रश्न त्याच्या हातातल्या मोबाइलबद्दल इतरांना पडतात. मेट्रोच्या जिन्यावर, रिक्षाच्या रांगेत, खैरानी रोडच्या टपरीवर कोणीतरी विचारतंच, ‘तुम्ही हा चालवता कसा?’ विचारायला काहीच हरकत नाही. पण बहुतेक जण उत्तराची वाट न बघता निष्कर्ष काढून मोकळे होतात आणि मग तेच निष्कर्ष मला ऐकवतात. त्यातले नेहमीचे काही इथे घेतले आहेत. मी तंत्रज्ञ नाही, रोजचा वापरणारा आहे. रोज हाताळाव्या लागणाऱ्या वस्तूंबद्दल माणसाची मतं तयार होतातच, तशी माझीही झाली आहेत.

गैरसमज : मोबाइल चालवतो, म्हणजे याला थोडंफार दिसत असणार

थोडंफार दिसणारे पुष्कळ आहेत. कायद्यानेही अंधत्व आणि अल्पदृष्टी असे दोन वेगळे प्रकार मानले आहेत. पांढरी काठी हातात असलेल्या माणसाला उजेड, रंग, समोरच्याची आकृती जाणवू शकते, त्यात लबाडी काही नाही. पण मोबाइल चालवायला तेवढंही लागत नाही. फोनमध्ये स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम असतो. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे येईल ते तो बोलून दाखवतो. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची, आणि दोनदा टकटक केलं की ती उघडते. पडदा पूर्ण काळा ठेवूनही हे सगळं चालतं. मी तसाच ठेवतो. मेट्रोत शेजारी उभ्या असलेल्याने माझे मेसेज का वाचावेत?

राहिला आवाजाचा वेग. सरावलेला माणूस तो एवढा वाढवून ठेवतो की शेजारच्याला त्यातलं एक वाक्य लागत नाही. यात कौशल्य आहे म्हणण्यापेक्षा नाइलाज आहे. डोळसांची नजर पानावरून झरझर फिरते, आम्हाला सगळं एकापाठोपाठ एक ऐकत जावं लागतं. साकीनाक्याच्या चौकात तर ऐकणं हीच मोठी अडचण. खाली कुर्ला, अंधेरी आणि घाटकोपरकडची वाहतूक एकमेकांत अडकलेली, वर मेट्रो आणि तिच्याही वर विमानं. इअरफोन लावला तर रिक्षा ऐकू येत नाही, काढला तर फोन ऐकू येत नाही. म्हणून एका कानात लावायचा आणि दुसरा रस्त्यासाठी मोकळा ठेवायचा.

गैरसमज : त्यासाठी खास फोन लागतो, आणि तो महाग असतो

एके काळी हे खरं होतं. संगणकावर ‘जॉज’ नावाचा स्क्रीन रीडर १९८९ पासून आहे. तो उत्तम आहे, पण त्याची किंमत ऐकून सामान्य घरातला माणूस मागे फिरायचा. नोकियाच्या फोनवर ‘टॉक्स’ वेगळं विकत घेऊन टाकावं लागे. मग २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला, त्याचा मित्र जेम्स टे त्यात सामील झाला. तोही दृष्टिहीनच. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि आज कित्येकांची नोकरी आणि शिक्षण त्याच्यावर चालतं. २००९ मध्ये आयफोन थ्रीजीएसमध्ये व्हॉइसओव्हर आलं, त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आलं. साकीनाक्याच्या दुकानातून तुम्ही आज साधा अँड्रॉइड फोन घेतलात, तरी बहुधा त्यात टॉकबॅक असतंच. तुमच्या फोनमध्येही असेल. सेटिंगमध्ये ‘अॅक्सेसिबिलिटी’ किंवा ‘सुलभता’ या नावाखाली बघा.

त्यावरून एक गंमत घडते. आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद एकदम दाबली गेली की अनेक फोनवर टॉकबॅक चालू होतं. खिशात, पिशवीत किंवा लहान मुलाच्या हातात हे सहज घडतं. मग मालक घाबरून दुरुस्तीच्या दुकानात जातो. फोन आपोआप बोलतोय, टच काम करत नाही, व्हायरस आला असणार. माझ्या ओळखीचा एक दुकानदार असे फोन सरळ फॉरमॅट करायचा, लोकांचे फोटो-नंबर पुसले जायचे. आता तो मला फोन करून विचारतो. आवाजाची तीच दोन बटणं परत दाबून धरायची, एवढंच त्याला सांगावं लागलं.

पैशाचा प्रश्न पुरता संपला आहे असं मात्र नाही. संगणकाला जोडून बोटांखाली ब्रेलचे ठिपके वर-खाली करणारं यंत्र मिळतं, ते आजही मध्यमवर्गीय घराला परवडत नाही.

गैरसमज : इंग्रजीचं ठीक आहे, मराठी कुठलं वाचतंय ते यंत्र

यंत्र मराठी वाचतं, आणि फुकट वाचतं. ईस्पीक या वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आवाज कडक आणि धातूसारखा आहे, गुगलचा माणसाच्या जवळ जाणारा. डोळस मित्रांना वाटतं की आम्हाला गोड, भावपूर्ण आवाज हवा असतो. मला गोष्ट ऐकताना माणूस हवा, वीजबिल वाचताना अभिनय नको. भराभर आणि स्पष्ट बोलणारा कोरडा आवाज कामाला बरा.

अडचण आहे ती आपण मराठी कशी टाइप करून ठेवली आहे यात. युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरमांडणी रुळण्याआधी प्रत्येक मराठी फॉन्टची मांडणी वेगळी होती. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी असे अनेक फॉन्ट. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण संगणकाच्या पोटात त्या जागी एखादं इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह साठवलेलं असायचं. डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही, कारण डोळे वरचा आकार बघतात. स्क्रीन रीडर आत साठवलेलं वाचतो. त्यामुळे सुबक छापलेला एखादा ललित लेख आमच्या कानावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं अशा रांगेने आदळतो. युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली होती. पण छपाईच्या धंद्यात पेजमेकरसारखी जुनी सॉफ्टवेअर्स वर्षानुवर्षं टिकली आणि त्यांना युनिकोड देवनागरी झेपत नव्हती. हात जुन्या फॉन्टवर बसलेला, फायली त्याच फॉन्टमध्ये, बदलायचं कोणी? म्हणून आजही लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, कितीतरी दिवाळी अंक त्याच मांडणीत तयार होतात. अंकाची पीडीएफ विकत घ्यावी आणि तिच्यातलं एक वाक्य वाचता येऊ नये, याचा राग मला यंत्रावर काढता येत नाही.

उलट बाजूही सांगतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि ती पूर्ण युनिकोडमध्ये आहे. मराठी विश्वकोशाच्या नोंदी संकेतस्थळावर आहेत. ज्या नोंदीसाठी पूर्वी ग्रंथालयात जाऊन कोणा वाचकाची मनधरणी करावी लागायची, ती आता रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ऐकता येते. फक्त अक्षरं अक्षरं म्हणून साठवली, तर एवढा फरक पडतो.

प्रकाशकांची एक भीती असते की वाचता येण्यासारखी फाइल दिली म्हणजे चोरीला वाट दिली. पुस्तकांची चोरी होते हे खरंच. पण छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या माणसासाठी सुलभ प्रत तयार करणं म्हणजे चोरी नव्हे, हे आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट झालं आहे. याच विषयावरचा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, जून २०१४ मध्ये. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं. कायद्याच्या बाबतीत आपण पुढे होतो, फाइल देण्याच्या बाबतीत मागे राहिलो.

गैरसमज : ग्रुपवर टाकलं, म्हणजे सगळ्यांना कळलं

या लेखाचं कारणच खरं तर हे आहे. उद्या पाणी किती वाजता जाणार, लिफ्ट किती दिवस बंद राहणार, सोसायटीची सभा कुठे आहे, हे सगळं ग्रुपवर फोटो म्हणून येतं. माझा फोन सांगतो, ‘फोटो’, आणि पाठवणाऱ्याचं नाव व वेळ सांगून गप्प होतो. खाली दहा जणांनी अंगठे दाखवलेले असतात, म्हणजे काहीतरी चांगलं असावं एवढाच अंदाज.

यातली विसंगती बघा. कमिटीतल्या कोणीतरी ती नोटीस संगणकावर टाइप केलेली असते. मग ती छापली, तिच्यावर सही-शिक्का केला, फलकावर लावली, आणि फलकाचा तिरका फोटो काढून ग्रुपवर टाकला. अक्षरं हातात होती, ती फेकून देऊन त्यांचं चित्र पाठवलं. मग मी ते चित्र गुगल लेन्ससारख्या अॅपला देतो आणि अॅप त्यातून अक्षरं परत शोधून काढतं. छापील मजकूर असेल, उजेड बरा असेल तर ते जमतं. हस्ताक्षर असेल, मजकुरावर शिक्का आला असेल, कडेला गणपती आणि फुलांची वेलबुट्टी असेल, की जोडाक्षरं विस्कटतात आणि आकडे बदलतात. पाण्याच्या वेळेत सहाचे आठ झाले तर काय होतं, हे मुंबईकराला सांगायला नको.

पीडीएफचंही तेच. कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ म्हणजे फोटोच, नाव फक्त वेगळं. शाळा, रुग्णालयं, सरकारी कार्यालयं आणि वकीलसाहेब, सगळे ती ‘डिजिटल प्रत’ म्हणून देतात.

गैरसमज : अंध माणसाने एकट्याने बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं, म्हणून बँक अडवते ते त्याच्या भल्यासाठीच

एका शाखेत मला चेकबुक मागितल्यावर डोळस साक्षीदार आणायला सांगितलं होतं, तेही अगदी काळजीच्या सुरात. त्या सुरापुढे वाद घालणं अवघड असतं, म्हणून नियमच पाठ करून ठेवलेला बरा. रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट सांगितलं आहे की दृष्टिहीन ग्राहकांना चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज, क्रेडिट कार्ड हे सगळं भेदभाव न करता द्यायचं. भलं कशात आहे ते ग्राहक ठरवेल. बोलणारी, ब्रेल बटणांची एटीएम बसवण्याच्या सूचना २००९ पासून आहेत. देशातलं पहिलं पूर्ण बोलणारं एटीएम युनियन बँकेने २०१२ मध्ये अहमदाबादला सुरू केलं. आता अशी यंत्रं बरीच दिसतात. म्हणजे बटणांवर ठिपके असतात, इअरफोनचं भोकही असतं, आणि त्यात इअरफोन घातला की पुष्कळदा शांतता असते. यंत्र बसवणं हे काम धरलं गेलं, ते चालू ठेवणं धरलं गेलं नाही.

नोटांची कथा याहून विचित्र. जुन्या नोटा आम्ही मोजमापावरून ओळखायचो. २०१६ नंतरच्या मालिकेत शंभर, दोनशे आणि पाचशे या तिन्ही नोटांची रुंदी एकच, ६६ मिलिमीटर. लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५०. गर्दीत उभं राहून, सुटे पैसे मागणाऱ्या रिक्षावाल्यासमोर चार मिलिमीटरचा फरक बोटांनी ओळखून दाखवा. कडेला उठावाच्या रेघा आहेत, पण नोट चार हात फिरली की त्या सपाट होतात. वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला होता. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ हे अॅप १ जानेवारी २०२० ला आलं. कॅमेऱ्यापुढे नोट धरली की ते इंटरनेटशिवायही तिची किंमत सांगतं. नोट खरी की खोटी हे मात्र सांगत नाही. अॅप चांगलं आहे. पण नोट ओळखायला आधी फोन बाहेर काढायचा आणि दुसऱ्या हाताने काठी सांभाळायची, हा व्यवहार साकीनाक्याच्या सिग्नलला करून बघावा.

आम्हाला खरी मदत झाली ती भलत्याच वस्तूची. टपरीवर पैसे मिळाल्याचं ओरडून सांगणारा तो छोटा डबा दुकानदारासाठी बनवला आहे, दृष्टिहीन ग्राहकाचा विचार त्यात कोणी केला नसावा. पण माझे पन्नास रुपये गेले आणि पन्नासच गेले, हे मला त्याच्यामुळे भर गर्दीत कळतं. शिवाय दुकानदारालाही कळतं, त्यामुळे वाद होत नाही.

खाती ऑनलाइन उघडताना नवाच अडसर येतो. कॅमेऱ्याकडे बघा, चेहरा चौकटीत आणा, डोळे मिचकवा. हे ज्यांना शक्य नाही त्यांनी काय करायचं? दृष्टिहीन वकील अमर जैन आणि अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात म्हटलं आणि केवायसी सुलभ करण्यासाठी वीस निर्देश दिले.

गैरसमज : सिनेमा बघून याला काय कळणार

नाटक तर जवळजवळ सगळंच कळतं. सिनेमात संवाद थांबले की आम्ही बाहेर पडतो. त्या रिकाम्या जागेत, ‘ती पत्र उचलते, वाचते, फाडते’ असं निवेदन ऐकवायची सोय असते, तिला ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ छापील, श्राव्य आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमं सुलभ असावीत असं सांगतं, आणि मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रगृहांतल्या सिनेमासाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. मराठी मालिकांना मात्र याची फार गरज नाही. तिथे तिघांचे चेहरे तीन-तीनदा दाखवून ढॅण ढॅण संगीत वाजलं, की काहीतरी भयंकर घडलंय हे मला डोळसांइतकंच कळतं, आणि काय घडलंय ते त्यांनाही पुढच्या भागापर्यंत कळत नाही.

गैरसमज : आता सगळं ऐकता येतं, ब्रेल कशाला हवी

ऐकून ‘पाणी’तला णी ऱ्हस्व की दीर्घ हे कळत नाही. शुद्धलेखन बोटांतून येतं. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ ला सुरू केलेलं ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक म्हणूनच महत्त्वाचं. मोठेपणी दृष्टी गेलेले अनेक जण ब्रेल शिकत नाहीत आणि त्यांचंही काही अडत नाही. पण ब्रेलशिवाय वाढणारं दृष्टिहीन मूल निरक्षर राहतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरसमज : हे लोक म्हणजे केवढी प्रेरणा!

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकल्या, पुढे सेंट झेवियर्समध्ये गेल्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१६ च्या परीक्षेत त्या ७७३व्या आल्या, तेव्हा दृष्टीचं कारण देऊन रेल्वेची लेखा सेवा त्यांना नाकारली गेली. त्या २०१७ च्या परीक्षेत १२४व्या आल्या आणि आयएएस झाल्या. त्यांचं कौतुक करावंच. पण त्यांना नाकारणारी व्यवस्था त्या कौतुकात विसरली जाते. आणि मी फोनवरून वीजबिल भरलं की लोक त्याच सुरात ‘ग्रेट’ म्हणतात. वीजबिल भरणं ग्रेट नसतं.

गैरसमज : आता एआय आलंय, तुमचे सगळे प्रश्न सुटले

काही सुटले. ‘बी माय आइज’ हे डेन्मार्कमधलं अॅप २०१५ मध्ये आलं, तेव्हा जगात कुठेतरी बसलेला स्वयंसेवक तुमच्या कॅमेऱ्यातून बघून सांगायचा. २०२३ पासून त्यात एआयही आहे. लग्नातले फोटो, शर्टाचा रंग, हॉटेलचं मेन्यूकार्ड याचं ते छान वर्णन करतं. पण चुकतं तेव्हाही तेवढ्याच ठामपणे बोलतं. औषधाच्या पट्टीवरची तारीख मी त्याच्यावर सोडत नाही, मेडिकलवाल्याला विचारतो.

शिवाय एआय वर्णन करतं, दरवाजा उघडत नाही. घरपोच सामान देणारं एक अॅप मी वर्षानुवर्षं वापरत होतो. एका अपडेटनंतर त्यातली सगळी बटणं ‘बटण, बटण, नाव नसलेलं बटण’ झाली. त्या बटणांना नावं देणं हे बनवणाऱ्याचं थोड्या वेळाचं काम असतं. ते कोणी केलं नाही म्हणून माझा किराणा अडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावर बोट ठेवलं. सुलभतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असं न्यायालयाने सरकारला बजावलं.

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्यांची नोंद ५० लाखांवर होती. त्यातले काही जण तुमच्या सोसायटीच्या, शाळेच्या, ऑफिसच्या ग्रुपवर असतील आणि फोटो आल्यावर गप्प बसत असतील. म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. नोटीस टाइप केली असेल तर तोच मजकूर उचलून ग्रुपवर टाका, सही-शिक्क्याचा कागद फलकावर राहू द्या. मराठी युनिकोडमध्ये लिहा, पीडीएफ स्कॅन न करता थेट फाइलमधून काढा. आणि फोटोच पाठवायचा असेल, तर त्याच्याखाली विषय, तारीख आणि वेळ एवढं तरी लिहा.